पाण्यात पाहणारा सहकारी आणि कानाडोळा करणारे व्यवस्थापन

एखादा सहकारी आपल्याला पाण्यात पाहतो आहे हे कळायला बराच वेळ जातो, कारण सुरुवातीला आपण प्रत्येक प्रसंगाला काही ना काही दुसरे कारण शोधत असतो: आज त्याची मनःस्थिती ठीक नसेल, त्या मेलमध्ये माझे नाव चुकून राहिले असेल, मीटिंगची वेळ बदलल्याचे मला सांगायचे विसरला असेल. हळूहळू खात्री पटते, आपण धीर करून वरिष्ठांकडे जातो, आणि उत्तर मिळते, ‘टाळी एका हाताने वाजत नाही,’ किंवा ‘तुम्ही दोघेही समजूतदार आहात, आपसांत मिटवा.’ त्यानंतर काहीच होत नाही. पुढचे लेखन या टप्प्यावर पोहोचलेल्या माणसासाठी आहे, म्हणजे ज्याने एकदा किंवा अनेकदा तक्रार केली आहे आणि ती ऐकून सोडून दिली गेली आहे.

एक गोष्ट सर्वांत आधी सांगतो. मारहाण, मारहाणीची धमकी, पाठलाग किंवा लैंगिक छळ असे काही घडत असेल, तर खालच्या पायऱ्या एकामागून एक चढत बसू नका. सुरक्षा विभाग, पोलीस किंवा अशा तक्रारींसाठी नेमलेली समिती यांच्याकडे त्याच दिवशी जा.

बाकीच्या वैराचे स्वरूप बहुधा लपलेले असते. आवश्यक माहिती वेळेवर न देणे, आपले काम स्वतःच्या नावावर खपवणे, चारचौघांत टोमणे मारणे, आपण बोलू लागताच मध्येच तोडणे, पाठीमागे अफवा पसरवणे, नेहमीच्या चर्चेतून मुद्दाम वगळणे. स्वीडनमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमन यांनी १९८०च्या दशकात या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि अशा ४५ कृतींची यादी केली. त्या यादीतील बऱ्याच कृती सुट्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटतात, पण आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने त्या घडत राहिल्या तर तो छळ होतो, अशी कसोटी लेमन यांनी ठरवली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेला १९० क्रमांकाचा करार याहून पुढे जातो. त्याच्या व्याख्येत एकदाच घडलेले वर्तनही येते. मला या दोन्ही कसोट्या उपयोगी वाटतात. एखादी गंभीर घटना एकदाच घडली तरी ती पुरेशी असते, मात्र बारीकसारीक घटनांचे गांभीर्य त्यांच्या सातत्यात असते, आणि सातत्य दाखवायचे तर नोंद लागते. व्यवस्थापन कानाडोळा करू शकते याचे एक मोठे कारण हेच, की त्यांच्यापुढे प्रत्येक वेळी एकच सुटी, किरकोळ घटना येते.

दुर्लक्ष का होते आहे, ते आधी ओळखा

सगळे दुर्लक्ष एकाच जातीचे नसते. काही वरिष्ठांना आपण त्यांच्याकडून नेमके काय मागतो आहोत तेच समजलेले नसते. आपण मन मोकळे केले, त्यांनी सहानुभूतीने ऐकले आणि त्यांच्या मते काम तिथेच संपले. काहींना वादाची भीती वाटते आणि काळ जाईल तसे आपोआप शमेल या आशेवर ते बसून राहतात. काही ठिकाणी तो सहकारी इतका कामाचा असतो, किंवा तसा समजला जातो, की त्याला दुखावणे परवडणार नाही असे वरिष्ठांनी मनोमन ठरवलेले असते. आणि काही ठिकाणी वरिष्ठ स्वतःच त्या माणसाच्या बाजूचे असतात.

आपले वरिष्ठ यांपैकी कोण, हे तर्काने ठरवू नका, विचारून पाहा. ‘मागच्या महिन्यात मी आपल्याशी जे बोललो, त्यावर पुढे काय करायचे ठरले?’ हा प्रश्न शांतपणे, एकांतात विचारा. पहिल्या प्रकारचा माणूस गोंधळून ‘मी काय करावे असे तुम्हाला वाटते?’ असे विचारेल. त्याच्याशी पुढे काम होऊ शकते. दुसरा विषय टाळेल, पण लिखित मागणी आली की त्याला हलावे लागेल. तिसरा त्या सहकाऱ्याचे कौतुक सांगू लागेल, आणि अशा वरिष्ठापुढे न्यायाची भाषा चालत नाही, कामाच्या नुकसानीचा हिशेब मांडावा लागतो. चौथा मात्र उलट तुमच्याच कामात खोट काढू लागेल. तसे झाले तर त्याच पायरीवर आणखी शक्ती घालवण्यात अर्थ नाही.

याच सुमारास स्वतःकडेही एकदा प्रामाणिकपणे पाहावे. तुम्हाला आणि त्या व्यक्तीला दोघांनाही ओळखणाऱ्या, पण कोणाच्याच अति जवळच्या नसलेल्या एखाद्याला विचारा, की माझ्या बोलण्यात किंवा कामाच्या पद्धतीत असे काही आहे का, की ज्याने हे चिघळते आहे. काही निघाले तर ते दुरुस्त करा. त्यामुळे समोरच्याचे वागणे क्षम्य होत नाही, पण पुढे चौकशीत तोच मुद्दा तुमच्यासमोर ठेवला गेला तर तुमच्याकडे उत्तर असते.

नोंदवही

या सगळ्यात सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम हे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि ते निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावतो, असे त्यात दिसले. अपमानाची भावना मात्र तशी पुसली जात नाही. म्हणून दोन महिन्यांनी आपल्याकडे भावना पूर्ण उरलेली असते, पण नेमके शब्द, वेळ आणि हजर माणसे निसटलेली असतात, आणि तक्रारीला नेमके तेच लागते. नोंद त्याच दिवशी, शक्य तर घरी पोहोचल्याबरोबर करावी.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावे, काय घडले, कोणते शब्द वापरले गेले, तुम्ही काय उत्तर दिले आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला, एवढे असावे. विशेषणे टाळावीत. ‘तो माझ्याशी अत्यंत उद्धटपणे बोलला’ या वाक्यावर कोणालाही वाद घालता येतो. ‘११ वाजताच्या मीटिंगमध्ये मी आकडे सांगत असताना त्याने फाईल टेबलावर आपटली आणि “हिला काही कळत नाही, पुढे चला” असे म्हटले; त्या वेळी आम्ही पाच जण होतो’ यावर वाद घालायचा तर हजर असलेल्या पाच जणांना विचारावे लागते. स्वतःच्या चुकाही लिहा. तुम्ही आवाज चढवला असेल, उत्तर देताना घसरला असाल, तर तेही त्याच पानावर यायला हवे, कारण दुसऱ्याचेच दोष असलेली वही वाचणाऱ्याला एकतर्फी वाटते आणि तिच्यातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

वही कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नका. तो संगणक आणि त्यावरचे सर्व काही मालकाचे असते आणि तुमचे लॉगिन कधीही बंद होऊ शकते. साधी, पानांना क्रमांक घातलेली, बांधलेली वही उत्तम, कारण तीत मागाहून पाने घुसवता येत नाहीत. मात्र कार्यालयाची कागदपत्रे किंवा ग्राहकांची माहिती असलेले मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवून ठेवण्याचा मोह आवरा. अनेक ठिकाणी तो गोपनीयतेचा भंग ठरतो, आणि मग मूळ छळ बाजूला राहून चौकशी तुमचीच सुरू होते. मेलचा विषय, तारीख आणि तो कोणी कोणाला पाठवला, एवढे वहीत टिपून ठेवले तर चौकशीच्या वेळी तो मेल अधिकृतपणे मागवता येतो. चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाचेही तसेच आहे. काही देशांत संभाषणातल्या एकाची संमती पुरते, काही ठिकाणी सर्वांची लागते. आपल्या ठिकाणचा नियम माहीत झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मी स्वतः हे उशिरा शिकलो. एका नोकरीत मी माझ्या वरिष्ठांकडे तीन वेळा तक्रार केली होती, तिन्ही वेळा तोंडी, चालता चालता. वर्षभराने प्रकरण वर गेले तेव्हा त्यांनी सांगितले, की आपल्याकडे अशी तक्रार आल्याचे आठवत नाही. ते खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने ती तक्रार नव्हतीच, ते एका वैतागलेल्या माणसाचे बोलणे होते. त्या दिवशी माझ्याकडे तारखेसह एक कागद असता तर पुढचे सहा महिने वेगळे गेले असते.

ज्यावर उत्तर द्यावेच लागेल अशी तक्रार

पहिली तक्रार बहुधा त्या व्यक्तीच्या स्वभावाबद्दल असते, आणि स्वभावावर कोणताही वरिष्ठ निर्णय घेऊ शकत नाही. म्हणून दुसरी तक्रार कामाबद्दल लिहावी. ती लिखित असावी, एका पानाची असावी, आणि तिच्यात एक ठरावीक मागणी व एक तारीख असावी. या दोन गोष्टी नसल्या तर वाचणारा ‘पाहतो’ म्हणून कागद बाजूला ठेवू शकतो. त्या असल्या तर ‘हो’, ‘नाही’ किंवा मौन यांपैकी एक त्याच्या नावावर जमा होते.

मजकूर साधारण असा असू शकतो:

‘गेल्या आठ आठवड्यांत पुढील तीन प्रसंगी मला माझ्या अहवालासाठी लागणारी माहिती ठरलेल्या वेळेनंतर मिळाली किंवा मिळालीच नाही. (तारखा सोबत दिल्या आहेत.) त्यामुळे दोन अहवाल उशिरा गेले व एक चुकीच्या आकड्यांसह गेला. यांपैकी दोन प्रसंगी, मी माहिती मागितली असता, इतरांसमोर माझ्याविषयी अपमानास्पद शब्द वापरले गेले. ते शब्द व हजर सहकाऱ्यांची नावे सोबतच्या कागदात आहेत. याविषयी मी आपल्याशी यापूर्वी दोन वेळा बोललो आहे. माझी विनंती अशी, की पुढील तीन महिने ही माहिती दर सोमवारी लेखी स्वरूपात, आपल्याला प्रत देऊन, माझ्याकडे यावी, आणि आमच्या दोघांच्या बैठकीत तिसरी व्यक्ती हजर असावी. यावर आपला निर्णय मला येत्या शुक्रवारपर्यंत कळावा.’

यात ‘छळ’ हा शब्द नाही, हे मुद्दाम केले आहे. तो शब्द केव्हा वापरायचा याचा विचार करावा, कारण बऱ्याच संस्थांच्या धोरणांत तो शब्द आला की औपचारिक चौकशी सुरू करणे बंधनकारक होते. तुम्हाला चौकशी हवी असेल तर तो जरूर वापरा, आणि आपल्या संस्थेच्या धोरणात तो ज्या शब्दांत दिला आहे त्याच शब्दांत, कलमाच्या उल्लेखासह वापरा. आधी रोजचे काम सुरळीत व्हावे एवढेच हवे असेल, तर घटना बोलू द्याव्यात.

मागणी अशी असावी, की समोरच्याला ती खरोखर पूर्ण करता येईल. ‘त्याला समज द्या’ ही मागणी कमकुवत आहे, कारण समज दिली की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. शिफ्ट बदलणे, कामाचे हस्तांतरण लेखी करणे, वेगळा प्रकल्प, अहवाल दुसऱ्या वरिष्ठाकडे देणे, बैठकांना तिसरी व्यक्ती, या गोष्टी झाल्या की नाही हे डोळ्यांना दिसते. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून मध्यस्थी करण्याचा पर्याय पुष्कळदा पुढे येतो. दोघांचे बळ सारखे असेल आणि प्रश्न गैरसमजाचा असेल तर तो चांगला आहे. एक जण दुसऱ्याला दीर्घकाळ दाबत असेल तर तशी बैठक दाबणाऱ्याला आणखी एक संधी देते. तिला नकार देण्याचा तुम्हाला अधिकार आहे, फक्त नकार कारणासह आणि लेखी द्यावा.

वरिष्ठांनी लेखी उत्तर न देता बोलावून घेतले, तर जा, नीट बोला, आणि परत आल्यावर त्याच दिवशी मेल पाठवा: ‘आज आपल्या बोलण्यात पुढील गोष्टी ठरल्या असे मी समजतो. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कळवावे.’ या दोन वाक्यांनी तोंडी आश्वासनाचा कागद होतो.

तक्रार एका वेळी एकाच माणसाला पाठवावी, हेही महत्त्वाचे आहे. रागाच्या भरात पाच वरिष्ठांना एकाच मेलमध्ये घेतले की जोर येईल असे वाटते, प्रत्यक्षात प्रत्येक जण दुसरा कोणी पाहील असे समजतो. जॉन डार्ली आणि बिब लॅटाने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ मधील प्रयोगात सहभागी माणसाला इंटरकॉमवर दुसऱ्या कोणाला अपस्माराचा झटका आल्याचे ऐकू येई. आपण एकटेच ऐकतो आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोकांनी झटका संपण्याच्या आत मदत मागवली. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्क्यांनी. कार्यालयातही जबाबदारी अशीच वाटली जाऊन नाहीशी होते.

तोच नियम साक्षीदारांना लागू पडतो. ‘तुम्ही सगळे पाहताच आहात’ असे चारचौघांत म्हणून कोणी पुढे येत नाही, आणि चहाच्या वेळी गट जमवू लागलात तर तुमच्यावरच राजकारणाचा आरोप येतो. त्या मीटिंगमध्ये हजर असलेल्या एका व्यक्तीला गाठून विचारा: ‘त्या दिवशी काय बोलले गेले, एवढेच कोणी विचारले तर सांगाल का?’ बाजू घ्यायला नकार देणारी माणसेही घडलेली गोष्ट सांगायला पुष्कळदा तयार होतात. नाही म्हणाली तर राग धरू नका. त्यांनाही नोकरी टिकवायची असते.

उत्तर येईपर्यंतचे दिवस

त्या व्यक्तीशी संवाद थोडा, कामापुरता आणि शक्यतो लेखी ठेवा. मेलमध्ये काम आणि टोमणा दोन्ही असतील तर कामाच्या भागाला उत्तर द्या आणि टोमण्याला हात लावू नका. शब्दाला शब्द वाढवला की पुढे चौकशीत तो ‘दोघांचा वाद’ ठरतो. समोरासमोर आवाज चढला तर ‘आपण याविषयी नंतर बोलू, मी अर्ध्या तासाने येतो’ असे म्हणून उठावे, आणि खरोखर अर्ध्या तासाने परत यावे. सर्वांसमोर घालून पाडून बोलले गेले तर एकच वाक्य पुरते: ‘कामातली चूक मला जरूर दाखवा, पण अशा शब्दांत नको.’ ते साध्या आवाजात म्हणावे आणि लगेच विषयाकडे वळावे. हे ऐनवेळी सुचत नाही, म्हणून घरी मोठ्याने म्हणून पाहावे. पहिल्या वेळी आवाज कापतो, पाचव्या वेळी कापत नाही.

माहिती अडवली जात असेल तर परिणाम आधीच सांगून ठेवा: ‘हे आकडे बुधवारी दुपारपर्यंत मिळाले नाहीत तर गुरुवारचा अहवाल निघणार नाही, तसे मी वरिष्ठांना आज कळवून ठेवतो आहे.’ आणि स्वतःच्या कामात या काळात फट ठेवू नका. हे अन्यायाचे आहे हे मला मान्य आहे, कारण ज्याची झोप उडाली आहे त्यानेच अचूक काम करावे अशी ही अपेक्षा आहे. पण तक्रार करणाऱ्याचे काम तपासले जातेच.

झोप न लागणे, सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी पोटात गोळा येणे, घरच्यांवर चिडचिड होणे, ही लक्षणे दिसू लागली की डॉक्टरांकडे जा आणि कामावर काय चालले आहे ते त्यांना स्पष्ट सांगा. उपचार तर होतीलच, शिवाय त्या कारणाची वैद्यकीय नोंदही होते.

वरची पायरी आणि कायदा

दिलेली तारीख उलटून गेली तर एक आठवणीचा मेल, आणि त्यानंतर वरची पायरी, मग ती एचआर असो, वरिष्ठांचे वरिष्ठ असोत किंवा कामगार संघटना असो. वर जाण्यापूर्वी आपल्या वरिष्ठांना तसे कळवावे. डावलले गेल्याचा राग मूळ प्रश्नापेक्षा मोठा होतो. एचआर विभाग संस्थेचा असतो, तुमचा वकील नसतो, हे ध्यानात ठेवूनच तिथे बोलावे. त्यांना संस्थेचा धोका समजतो, तेव्हा कोणती कामे अडली, कितीदा कळवले आणि कोणी उत्तर दिले नाही, या क्रमाने सांगावे.

कायद्याचे चित्र देशोदेशी वेगळे आहे. स्वीडनने कामावरील छळाविरुद्ध १९९३ मध्येच नियम केले, फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळाविरुद्ध कायदा केला, ऑस्ट्रेलियात २०१४ पासून छळ थांबवण्याचा आदेश थेट मागता येतो, दक्षिण कोरियात २०१९ पासून अशा तक्रारीची चौकशी करणे मालकावर बंधनकारक आहे. भारतात २०१३ च्या कायद्याने महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती बंधनकारक केली. मुदतींतला फरक विशेष लक्षात घ्यावा: या भारतीय कायद्यात घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिने मिळतात आणि समितीला ते आणखी तीन महिने वाढवता येतात; कॅनडाच्या क्विबेक प्रांतात मानसिक छळाच्या तक्रारीला शेवटच्या घटनेपासून दोन वर्षे मिळतात. व्यवस्थापनाच्या उत्तराची वाट पाहण्यातच मुदत संपून जाते, असे घडू शकते. म्हणून दुसरी तक्रार दिली त्याच आठवड्यात एखाद्या कामगार-वकिलाला किंवा कामगार कार्यालयाला आपल्या ठिकाणची मुदत विचारून ठेवावी, पुढे दावा करायचा नसला तरी.

किती काळ

हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा, कारण रोज थोडे थोडे सहन करणाऱ्याला आपली मर्यादा ओलांडली गेल्याचे कळतच नाही. वहीच्या पहिल्या पानावर एक तारीख लिहा, समजा दुसऱ्या तक्रारीपासून तीन महिने, आणि त्या तारखेपर्यंत कोणते दोन बदल दिसले पाहिजेत तेही लिहा. नव्या नोकरीचा शोध मात्र त्या तारखेची वाट न पाहता आजच सुरू करा. हातात दुसरा पर्याय असलेला माणूस तक्रार करतानाही सरळ उभा राहतो.

बदली मागणे हाही चांगला मार्ग आहे. काहींना वाटते, की चूक त्याची असताना मी का हलावे. हा प्रश्न न्याय्य आहे, पण त्याचे उत्तर मिळेपर्यंत आयुष्याची दोन वर्षे घालवायची की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे आहे.

सोडायचे ठरलेच, तर राजीनाम्यापूर्वी पुन्हा एकदा कायदेशीर सल्ला घ्या. ब्रिटनसारख्या काही देशांत, मालकाने कराराचा गंभीर भंग केल्यामुळे सोडावी लागलेली नोकरी ही बडतर्फीच मानली जाऊ शकते, आणि तिथे राजीनाम्याची वेळ व शब्द दोन्ही महत्त्वाचे ठरतात. दावा करायचा नसेल तर राजीनामा दोन ओळींचा लिहा. निरोपाच्या मुलाखतीत कारण विचारले तर तक्रारींच्या तारखा सांगा, विशेषणे नकोत. ‘माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ अशा आशयाचा कागद सहीसाठी पुढे आला तर तो घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागून घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचे पत्र हातात पडेपर्यंत त्या सहकाऱ्याविषयी कुठेही जाहीर लिहू नका. आणि नोंदवही टाकून देऊ नका. दाव्याची मुदत पूर्ण संपेपर्यंत ती सुरक्षित ठेवा.